ताकदीच्या गोळ्या आणि प्रोटीनचे डबे: घेण्याआधी काय पाहाल?

"सध्या कोणती औषधे चालू आहेत?" हा प्रश्न मी प्रत्येक पेशंटला विचारते. उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते. "बीपीची एक गोळी, बाकी काही नाही." मग मी पुढे विचारते, "कॅल्शियम, व्हिटॅमिन, केसांच्या गोळ्या, प्रोटीन पावडर, एखादे चूर्ण किंवा काढा?" तेव्हा पिशवी उघडते आणि टेबलावर चार-पाच स्ट्रिप्स आणि एखादा डबा येतो. "ते काही औषध नाही हो डॉक्टर, ते आपलं ताकदीसाठी."

हा लेख त्या पिशवीबद्दल आहे.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक मुलाबरोबर दवाखान्यात आले. वय ६४. महिनाभर भूक नव्हती, पोट साफ होत नव्हते, सारखी तहान लागत होती, रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावे लागत होते. बोलता बोलता मध्येच विषय विसरत होते. मुलाला वाटले, डायबिटीस सुरू झाला असेल. पण शुगर नॉर्मल होती. रक्तातले कॅल्शियम मात्र १३ च्या वर गेले होते (ते साधारण ८.५ ते १०.५ असते) आणि क्रिएटिनिन वाढून २ पर्यंत पोहोचले होते, म्हणजे किडनीवर ताण आला होता. औषधे कोणती, तर बीपीची एक गोळी, बाकी काही नाही.

पिशवीत व्हिटॅमिन डीच्या ६०,००० युनिटच्या कॅप्सूल निघाल्या. मूळ चिठ्ठीवर आठवड्यातून एक, आठ आठवडे असे लिहिलेले होते. गुडघे जरा बरे वाटले म्हणून सरांनी तीच कॅप्सूल रोज घ्यायला सुरुवात केली आणि जवळजवळ तीन महिने घेतली. सोबत कॅल्शियमची गोळीही होती. मेडिकलमधून दर वेळी नवी स्ट्रिप मिळत गेली, कोणी विचारले नाही. "व्हिटॅमिनच आहे, जास्त झालं तर लघवीतून निघून जाईल," असे त्यांना कोणीतरी सांगितले होते.

हे अर्धवट खरे आहे, आणि घोळ तिथेच होतो. बी गटातील बहुतेक जीवनसत्त्वे आणि सी पाण्यात विरघळतात. त्यांचा जादा भाग बऱ्याच अंशी लघवीतून जातो. बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी गडद पिवळी होते ती त्यातल्या बी-२ मुळे. ती कावीळ नव्हे, घाबरू नका. पण ए, डी, ई आणि के ही जीवनसत्त्वे चरबीत विरघळतात आणि शरीरात साठून राहतात. डी जास्त झाले की आतड्यातून आणि हाडांतून कॅल्शियम रक्तात येत राहते आणि किडनीला ते झेपत नाही. मोठ्या माणसाला डी जीवनसत्त्वाची रोजची गरज साधारण ६०० युनिट आहे. म्हणजे ६०,००० ची एक कॅप्सूल ही शंभर दिवसांची शिदोरी झाली. ती उपचारासाठी आहे, रोजच्या जेवणाबरोबर घेण्यासाठी नाही. सरांना दाखल करून सलाईन द्यावे लागले. गोळ्या बंद केल्यावरही चरबीत साठलेले डी हळूहळू बाहेर पडत राहते, त्यामुळे कॅल्शियम पूर्ण ताळ्यावर यायला कित्येक आठवडे गेले.

तेव्हापासून प्रत्येक सप्लिमेंटबद्दल मी पेशंटला तीन प्रश्न विचारते. कशासाठी? किती? किती दिवस? तिन्हीची उत्तरे देता येत नसतील, तर ती गोळी सुरू करण्याची घाई नको.

खरी गरज कोणाला असते

सप्लिमेंट्स म्हणजे सगळा बाजार आहे, असे माझे म्हणणे नाही. योग्य माणसाला योग्य गोळी मिळाली तर फरक स्पष्ट दिसतो.

सर्वात ठळक उदाहरण गरोदरपणाचे. आशाताई किंवा आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते, आणि ती फुकट असते. गंमत म्हणजे ही गोळी "सरकारी आहे" म्हणून कपाटात पडून राहते आणि गरोदर सुनेसाठी महागडा चॉकलेट फ्लेवरचा डबा घरी येतो. डब्यातली पावडर हवी तर द्या, पण गोळीच्या बदल्यात नको.

दुसरे बी-१२. हे फक्त प्राणिजन्य पदार्थांत मिळते: दूध, दही, अंडी, मासे, मटण. त्यामुळे शुद्ध शाकाहारी घरांत, त्यातही दूधदुभते कमी असेल तर, याची कमतरता बरीच दिसते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारे आणि ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल रोज घेणारे, यांच्या शरीरात बी-१२ नीट शोषले जात नाही. पायांना मुंग्या, जीभ लाल व गुळगुळीत होणे, थकवा, विसराळूपणा अशी लक्षणे असतील तर तपासून घ्या. इथे एक धोका लक्षात ठेवा. बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक ॲसिड घेतले, तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो पण नसांचे नुकसान आतल्या आत चालूच राहते.

लोहाचेही तसेच. पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या तरुण मुलीचे हिमोग्लोबिन ९ असेल, तर लोहाची गोळी बरोबरच आहे, पाळीच्या तक्रारीवर उपचारही हवेत. पण पंचावन्न वर्षांच्या पुरुषाचे हिमोग्लोबिन ९ असेल आणि तो टीव्हीवरची जाहिरात पाहून आयर्नचे टॉनिक घेत असेल, तर मला काळजी वाटते. या वयात पुरुषाच्या अंगातले लोह कुठे जाते? अनेकदा पोटातल्या अल्सरमधून, मूळव्याधीतून, कधी आतड्याच्या गाठीतून थेंब थेंब रक्त जात असते. टॉनिकने हिमोग्लोबिन थोडे वाढते, माणूस निर्धास्त होतो आणि निदान सहा महिने मागे पडते. या पेशंटला गोळीच्या आधी तपासणी हवी.

व्हिटॅमिन डीसाठी लोक कोवळ्या उन्हात बसतात. पण सकाळच्या कोवळ्या उन्हात ते फारसे तयार होत नाही. त्यासाठी लागणारे किरण ऊन वर आल्यावर, साधारण अकरा ते दोनच्या सुमारास पुरेसे मिळतात. हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ पुरतो, भाजून घ्यायचे नाही. घराबाहेर न पडणारे वृद्ध, अंग पूर्ण झाकणारे, हाडे दुखणारे, ऑस्टिओपोरोसिस असलेले, आतड्याचे किंवा किडनीचे आजार असलेले यांना गोळी लागू शकते. तब्येतीची काहीच तक्रार नसलेल्या तरुणाने पॅकेजमध्ये स्वस्त पडते म्हणून तपासणी करायची आणि आकडा थोडा कमी आला म्हणून वर्षभर कॅप्सूल घ्यायच्या, याची गरज नसते.

आणि सगळ्यांसाठी रोजची मल्टिव्हिटॅमिन? धडधाकट, चौरस जेवणाऱ्या माणसाला तिच्यामुळे हृदयविकार किंवा कॅन्सर टळतो असा भक्कम पुरावा नाही. बहुतेकांना तिचा त्रासही होत नाही. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांनी मात्र बीटा-कॅरोटीनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेऊ नयेत. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात, १९९४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा, बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर कमी होण्याऐवजी जास्त आढळला. गाजर खा, त्याने असे होत नाही.

प्रोटीन: आधी ताटात मोजा

"डॉक्टर, मुलाने जिम लावलीय, प्रोटीनचा डबा मागतोय, देऊ का?" हा प्रश्न आता आठवड्यातून दोनदा तरी येतो. माझे उत्तर असे की आधी ताटातले प्रोटीन मोजू.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलो वजनाला सुमारे ५० ग्रॅम. आता साध्या शाकाहारी घरातला दिवस घ्या. चार पोळ्यांतून १२ ग्रॅम, भातातून ४, घट्ट वरणाच्या वाटीतून ७, मटकी किंवा मुगाच्या उसळीतून ७, पाव लिटर दुधातून ८, दह्याच्या वाटीतून ५, मूठभर शेंगदाण्यांतून ७. बेरीज ५०. डबा न उघडता हिशेब पूर्ण झाला. मात्र वरण खरेच घट्ट हवे. पळी बुडवल्यावर तळ दिसेल अशा वरणात डाळ निम्मीच असते, आणि उसळीऐवजी रोज बटाट्याची भाजी असेल तर ही बेरीज तीसच्या आसपास अडकते. आपल्याकडे, विशेषतः घरातल्या बायकांच्या ताटात, खरी उणीव इथे असते. सर्वांना वाढून झाल्यावर त्यांच्या वाट्याला उरते ते वरणाचे पाणी.

वजने उचलून नियमित व्यायाम करणाऱ्याची गरज जास्त असते, किलोमागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम. ७० किलोच्या मुलाला रोज ८५ ते ११० ग्रॅम. त्याने रोज तीन अंडी (१८ ग्रॅम) आणि १०० ग्रॅम पनीर (सुमारे १८ ग्रॅम) किंवा तेवढेच चिकन खाल्ले तर बराच पल्ला गाठला जातो. सुकी सोया वडी ५० ग्रॅम घेतली तर एकट्या तिच्यात २५ ग्रॅम प्रथिने असतात, आणि ती सर्वात स्वस्त. एवढे करूनही कॉलेज आणि क्लासच्या धावपळीत जमत नसेल, तर व्हे प्रोटीनचा एक स्कूप ही सोय आहे. व्हे म्हणजे पनीर करताना उरणाऱ्या पाण्यातले प्रथिन, त्यात जादू काही नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शनात तर शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळावेत असेच सांगितले आहे. मी तितकी कडक नाही, पण डबा जेवणाच्या जागी येता कामा नये.

आजारातून उठलेले, चावता न येणारे, दोन घासांत पोट भरणारे आजी-आजोबा यांच्या दुधात चमचाभर पावडर घालणे मला जिमच्या मुलापेक्षा जास्त महत्त्वाचे वाटते. फक्त किडनीचा आजार असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचे, घरच्यांनी नाही.

पावडर घ्यायचीच तर डब्याच्या मागचा तक्ता वाचा. ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २० ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिने असतील तर तो प्रोटीनचा डबा. ३० ग्रॅममध्ये ५-६ ग्रॅमच असतील तर बाकी माल्टोडेक्स्ट्रिन आणि साखर आहे. "मास गेनर" नावाने येते त्यात बहुतेक हेच असते. तक्त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवावा अशीही स्थिती नाही. भारतात मिळणाऱ्या ३६ प्रोटीन सप्लिमेंट्सची तपासणी करून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुमारे ७० टक्के डब्यांवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली. म्हणून ओळखीच्या ट्रेनरकडून, सील फुटलेला, बिलाशिवाय मिळणारा "इंपोर्टेड" डबा घेऊ नका. अशा पावडरीत स्टेरॉइड मिसळलेले असण्याचीही भीती असते.

क्रिएटिनबद्दल थोडक्यात. क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज ३ ते ५ ग्रॅम निरोगी तरुणाला सहसा त्रास देत नाही आणि ताकदीच्या व्यायामात उपयोगी पडते. पण ते घेताना रक्तातले क्रिएटिनिन थोडे वाढलेले दिसू शकते. एका मुलाचा रिपोर्ट पाहून घरच्यांनी किडनी गेली म्हणून रडारड केली होती. त्याने क्रिएटिन घेत असल्याचे कोणालाच सांगितले नव्हते. "प्री-वर्कआउट" पावडरीत मात्र एका मापात दोन-तीन कप कॉफीइतके कॅफिन असू शकते. छातीत धडधड, झोप न लागणे, बीपी वाढणे या तक्रारी त्यातून येतात. "फॅट बर्नर" या प्रकारापासून तर दूरच राहा.

"आयुर्वेदिक आहे, त्याचा काय अपाय?"

स्वयंपाकातली हळद वेगळी आणि हळदीचा अर्क मिरीच्या अर्काबरोबर भरलेली कॅप्सूल वेगळी. मिरीतले पिपेरिन शोषण वाढवते, म्हणून शरीरात जाणारे प्रमाण चिमूटभर हळदीच्या कित्येक पट होते. अशा कॅप्सूल, ग्रीन टीचा अर्क आणि अश्वगंधा यांमुळे काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर कावीळ झालेल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता, आणि वाद झाला. माझा सल्ला व्यवहारी आहे. थायरॉईड, संधिवात, यकृताचा किंवा रोगप्रतिकारशक्तीचा कोणताही आजार असेल तर गुळवेल-अश्वगंधा मनाने सुरू करू नका. घ्यायचीच असतील तर पात्र वैद्यांच्या देखरेखीखाली घ्या आणि मलाही सांगा. रागावण्यासाठी नव्हे, तर उद्या लिव्हरचा रिपोर्ट बिघडला तर कुठे शोधायचे ते कळावे म्हणून.

स्ट्रिप उलटी करून पाहा

एकाच शेल्फवर शेजारी ठेवलेल्या कॅल्शियमच्या दोन स्ट्रिप्सपैकी एक औषध म्हणून आणि दुसरी अन्न म्हणून बनवलेली असू शकते. अन्नपदार्थ म्हणून विकल्या जाणाऱ्या सप्लिमेंटवर एफएसएसएआयचे चिन्ह आणि १४ आकडी परवाना क्रमांक असतो. "हेल्थ सप्लिमेंट" आणि "औषधी वापरासाठी नाही" अशा अर्थाची इंग्रजी ओळही असते. म्हणजे कंपनी स्वतःच छापून सांगते की हे आजार बरा करण्यासाठी नाही. त्याच डब्याच्या जाहिरातीत "डायबिटीस मुळापासून" असे म्हटले असेल तर डबा खाली ठेवा. परवाना क्रमांक खरा आहे का, हे एफएसएसएआयच्या वेबसाइटवर टाकून पाहता येते.

दुसरी गोष्ट दुहेरी-तिहेरी डोसची. कॅल्शियमच्या गोळीत डी-३ असते, मल्टिव्हिटॅमिनमध्ये असते, आणि वर आठवड्याची कॅप्सूल. तिन्हीची नावे वेगळी असल्याने कोणाच्या लक्षात येत नाही. बी-६ चेही असेच. मुंग्यांसाठी दिल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत ते असते, आणि मोठ्या डोसमध्ये बरेच महिने घेतले तर त्यामुळेच मुंग्या येतात. मुंग्या वाढल्या म्हणून पेशंट आणखी एक गोळी घेतो.

कॅल्शियम घेताना आकडा नीट वाचा. कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम. प्रौढाची रोजची एकूण गरज सुमारे १००० मिलिग्रॅम आहे, आणि पाव लिटर दुधातून ३०० च्या आसपास मिळते. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या वर असते, त्यातले सगळे शोषले जात नाही तरी भाकरी-आंबील सोडू नये. जेवणातून जितके कमी पडते तितकेच गोळीतून घ्या. मुतखडा होऊन गेला असेल तर आधी विचारा.

वेळेचे पथ्य

थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घेतात, हे सर्वांना माहीत असते. पण तिच्याबरोबरच लोह किंवा कॅल्शियम घेतले तर थायरॉक्सिन नीट शोषले जात नाही. टीएसएच वाढलेले येते आणि डॉक्टर डोस वाढवत राहतात. दोन्हींत चार तासांचे अंतर ठेवा. लोह आणि कॅल्शियमही एकत्र नको, एक दुपारी आणि एक रात्री. लोहाच्या गोळीवर चहा नको, लिंबूपाणी चालेल. शौच काळी होते, ते अपेक्षित असते. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिनसारखी अँटिबायोटिक्स चालू असतील तर तेवढे दिवस कॅल्शियम-लोह कसे घ्यायचे ते विचारून घ्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर फिश ऑइल, हळदीच्या किंवा लसणाच्या कॅप्सूल आणि व्हिटॅमिन के आपल्या मनाने घेऊ नका. ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांनाही सर्व सांगा.

केसांसाठीच्या बायोटिनची कथा निराळी आहे. रोजची गरज ३० ते ४० मायक्रोग्रॅम, आणि गोळी येते १० मिलिग्रॅमची, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. केसांना त्याचा उपयोग खरी कमतरता असेल तरच होतो, आणि ती क्वचित असते. पण इतक्या बायोटिनमुळे प्रयोगशाळेतल्या काही तपासण्या फसतात. थायरॉईड ठीक असताना जास्त चालत असल्याचा रिपोर्ट येऊ शकतो. हार्ट अटॅकमध्ये करतात ती ट्रोपोनिनची तपासणी खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएने याबद्दल २०१७ मध्येच इशारा दिला होता. ठरलेल्या रक्ततपासणीआधी निदान दोन-तीन दिवस बायोटिन थांबवा, डॉक्टरांना आणि लॅबलाही सांगा. छातीत दुखत असताना इमर्जन्सीत गेलात तर हे आवर्जून सांगा.

डोळे पिवळे होणे, लघवी चहासारखी गडद होणे, अंगाला खाज सुटणे, सतत उलट्या, न थांबणारी तहान, गोंधळल्यासारखे वागणे, धडधड यांपैकी काही दिसले तर सगळी सप्लिमेंट्स बंद करा आणि स्ट्रिप्स, डबे, बाटल्या जशा असतील तशा पिशवीत भरून दवाखान्यात या. फोटो काढून आणला तरी चालेल, फक्त मागची बाजू दिसली पाहिजे.

घरात लहान मूल असेल तर लोहाच्या गोळ्या कपाटात वर, कुलपात ठेवा. त्या लाल, चकचकीत असतात आणि मुलाला गोळ्या-चॉकलेटसारख्या वाटतात. दोन-तीन वर्षांच्या मुलाने मूठभर गोळ्या गिळल्या तर जिवावर बेतू शकते. असे झाले तर उलटी होण्याची वाट न पाहता मुलाला आणि रिकामी स्ट्रिप घेऊन थेट हॉस्पिटल गाठा.